कॅन्सस, ५ मे: एक सहस्रांश सेकंदाचा निकाल

वळणवेडा | ६ मे २०२४

काल रात्री कॅन्सस स्पीडवेवरून, म्हणजे अमेरिकेतल्या नॅसकार मोटार शर्यतीहून, घरी आलो आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. आधी निकाल लिहितो, मग बाकीचं.

१. काइल लार्सन (गाडी नंबर ५, शेव्हरोले)
२. क्रिस ब्यूशर (गाडी नंबर १७, फोर्ड)
३. चेस एलियट
४. मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर
५. डेनी हॅमलिन

पहिल्या दोघांतलं अंतर ०.००१ सेकंद. नॅसकारच्या कप मालिकेत (ही त्यांची सर्वांत वरची मालिका) एवढा निसटता शेवट आजवर नोंदलेला नाही. याआधीचा विक्रम ०.००२ चा होता.

आम्ही तिघं होतो: मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेले बाबा. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. शर्यत दुपारची, पण पावसामुळे सुरुवातच लांबली. ट्रॅक वाळवणारी वाहनं गोल गोल फिरत होती आणि आम्ही रेनकोटात बसून घरून नेलेले पराठे खात होतो. मला वाटलं, बाबा कंटाळतील. पण संध्याकाळी गाड्या सुटल्या आणि ते उभेच राहिले. त्यांची नजर ट्रॅकपेक्षा पिटवर, म्हणजे टायर-इंधनासाठी गाड्या थांबतात त्या जागेवर, जास्त. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात, जॅक लागतो, चारही चाकं बदलतात, टाकी भरते, आणि साधारण दहा सेकंदांत गाडी बाहेर. आता चाकाला मधोमध एकच नट असतो, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "एक असो नाहीतर पाच, आटा धरला पाहिजे पहिल्या झटक्यात. हात बसलाय त्यांचा."

शेवटच्या दहाएक फेऱ्या उरल्या होत्या तेव्हा हॅमलिन पुढे होता आणि त्याचे टायर झिजलेले होते. सात फेऱ्या बाकी असताना काइल बुशची गाडी गिरकी घेऊन फिरली आणि पिवळा झेंडा आला. नियमाप्रमाणे शर्यत जादा फेऱ्यांत गेली. ठरलेल्या २६७ ऐवजी २६८.

रीस्टार्टनंतर ब्यूशर पुढे निघाला. तो माझा आवडता ड्रायव्हर, म्हणून मी तेव्हाच लेकीचा हात घट्ट धरला होता. शेवटच्या फेरीत तिसऱ्या-चौथ्या वळणात लार्सन बाहेरच्या बाजूने आला. चौथ्या वळणातून बाहेर पडताना दोघांच्या गाड्या एकमेकींना घासल्या आणि दाराला दार लावून रेषेपर्यंत आल्या. आमच्या आसपासचे लोक "सतरा! सतरा!" म्हणून ओरडले, मीही ओरडलो. थोड्याच वेळात कळलं की पाच नंबर जिंकला.

बाबांनी विचारलं, "मग तुमच्या १७ नंबरवाल्याचं काय चुकलं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधण्यासाठीच हा धागा काढला आहे.

नवखा_प्रेक्षक | ६ मे २०२४

धागा वाचून त्या शेवटच्या फेरीचा व्हिडिओ पाहिला, अंगावर काटा आला. मी फॉर्म्युला वन बघतो, हा प्रकार मला नवा आहे. दोन प्रश्न. २६७ च्या २६८ फेऱ्या कशा झाल्या? आणि लंबगोल ट्रॅकवर सतत डावीकडेच वळायचं तर त्यात कौशल्य कुठे असतं?

वळणवेडा | ६ मे २०२४

पहिल्याचं उत्तर सोपं. पिवळ्या झेंड्याखाली कुणी कुणाला ओलांडू शकत नाही. झेंडा शेवटाला टेकला तर शर्यत रांगेने, हळूहळू संपेल, आणि तसं कुणालाच नको असतं. म्हणून गाड्या पुन्हा दोन-दोनच्या रांगेत लावतात, हिरवा झेंडा देतात आणि निदान दोन फेऱ्या होऊ देतात. रात्री उरलेल्या दोन फेऱ्या २६७ वी आणि २६८ वी ठरल्या. एका जादा फेरीत सगळं घडलं.

दुसऱ्याला थोडा वेळ द्या. कॅन्ससचा ट्रॅक दीड मैलाचा, म्हणजे २.४ किलोमीटरचा. वळणांवर तो १७ ते २० अंशांनी तिरका आहे, आणि आतून बाहेर जाल तसा उतार वाढत जातो. त्यामुळे एकाच वळणात तीन-चार वाटा तयार होतात. आतली वाट जवळची, पण तिथे गाडी जास्त वळवावी लागते आणि वेग मरतो. बाहेरची वाट लांबची, पण तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय कमी उचलावा लागतो आणि वळणातून बाहेर पडताना गाडी सुसाट निघते. टायर झिजतात, ऊन उतरतं, डांबर थंड होतं, आणि कालची चांगली वाट आज चांगली राहत नाही. ड्रायव्हर प्रत्येक फेरीला पुन्हा वाट शोधत असतो. लार्सन लहानपणापासून मातीच्या ट्रॅकवर स्प्रिंट कार (छोट्या, ताकदवान शर्यतीच्या गाड्या) चालवत आला आहे. भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी धरणं त्याच्या हाडात आहे. कालची बाहेरची वाट त्याने तिथूनच आणली, असं मला वाटतं.

आकडेमोड | ६ मे २०२४

रेषेवर वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास धरू या. म्हणजे सेकंदाला साधारण ८० मीटर. एका सहस्रांश सेकंदात गाडी ८ सेंटीमीटर जाते. हातातल्या मोबाईलची रुंदी जवळजवळ तेवढीच असते.

दोघं ४०२ मैल धावले होते, म्हणजे ६४७ किलोमीटर. मुंबईहून निघून सोलापूर ओलांडून पुढे कर्नाटकात शिरायचं, आणि मग मोबाईलच्या रुंदीने ठरवायचं की पहिला कोण. पापणी लवायलासुद्धा याच्या शंभरपट वेळ लागतो. स्टँडमध्ये बसलेल्या कुणालाही ते दिसणं शक्य नव्हतं, त्यामुळे तुम्ही "सतरा" ओरडलात त्यात नवल नाही.

मेधा_शार्लट | ६ मे २०२४

मी शार्लटला राहते. बहुतेक संघांची वर्कशॉपं याच भागात आहेत, त्यामुळे हा विषय इथे भाजीच्या दुकानातही निघतो. आकडेमोड यांच्या हिशेबात थोडी भर घालते: हे आठ सेंटीमीटर मोजतात कसे?

प्रत्येक गाडीत ठरावीक जागी एक ट्रान्सपाँडर (संदेश पाठवणारं छोटं यंत्र) बसवलेला असतो आणि ट्रॅकच्या पोटात तारांचे पट्टे पुरलेले असतात. गाडी वरून गेली की वेळ नोंदला जातो. असे पट्टे फक्त शेवटच्या रेषेवर नसतात, संपूर्ण फेरीभर जागोजाग असतात. पण ट्रान्सपाँडर गाडीच्या पोटात असतो, आणि शर्यत जिंकते ती नाकाने. फोर्ड आणि शेव्हरोले यांच्या नाकांची ठेवणही वेगळी. म्हणून एवढं निसटतं झालं की रेषेवरच्या वेगवान कॅमेऱ्याचं चित्र बघतात, आणि तोच शेवटचा शब्द.

ही इलेक्ट्रॉनिक मोजणी १९९३ पासूनची. त्याआधी प्रत्येक संघाचा एक माणूस मनोऱ्यात बसून आपल्या गाडीची प्रत्येक फेरी हाताने कागदावर लिहायचा. कितीतरी वेळा हे काम ड्रायव्हरची बायको करायची. मला त्या बायकांचं फार कौतुक वाटतं. नवरा खाली जीव धोक्यात घालून गाडी चालवतोय, आणि इथे एकही फेरी चुकवायची नाही.

मोजणीवरून सर्वांत गाजलेला निकाल पहिल्याच डेटोना ५०० चा, २२ फेब्रुवारी १९५९ चा. ली पेटी आणि जॉनी बोशँप एकत्र रेषेवर आले, आणि त्यांच्या शेजारी एक फेरी मागे असलेला जो वेदरली. तिघं एका ओळीत. आधी बोशँपला विजेता घोषित केलं. मग लोकांनी काढलेले फोटो आणि बातमीपटाची फिल्म गोळा केली, आणि तीन दिवसांनी निकाल फिरवून ली पेटीला विजय दिला. कालच्या मोजणीला काही क्षण लागले. पण तुमच्या आसपास जे झालं ते पासष्ट वर्षांपूर्वीसारखंच: लोकांना एक विजेता दिसला आणि निकालात दुसरा आला.

जुनाट_पेट्रोल | ७ मे २०२४

आधीचा ०.००२ चा विक्रम दोनदा झाला आहे. २०११ मध्ये टॅलाडेगाला जिमी जॉन्सनने क्लिंट बोयरला मागे टाकलं तेव्हा, आणि त्याआधी १६ मार्च २००३ ला डार्लिंग्टनला. त्या दुसऱ्याबद्दल लिहितोच.

डार्लिंग्टनचा ट्रॅक अंड्यासारखा आहे. एका बाजूची वळणं घट्ट, दुसरीकडची पसरट. १९५० साली तो बांधला तेव्हा जमिनीच्या मालकाला आपलं मासे असलेलं तळं बुजवू द्यायचं नव्हतं, म्हणून एक टोक चेपावं लागलं. त्यामुळे गाडी कधीच दोन्ही टोकांना सारखी चालत नाही.

त्या दिवशी कर्ट बुश (काइल बुशचा थोरला भाऊ) पुढे होता आणि त्याच्या गाडीचं पॉवर स्टीअरिंग गेलं होतं. मागून रिकी क्रेव्हन पाँटिॲकमध्ये. शेवटच्या दोन फेऱ्यांत दोघांनी एकमेकांना भिंतीपर्यंत नेलं, आणि चौथ्या वळणातून बाहेर पडल्यावर गाड्या एकमेकींत अडकल्यासारख्या, घासत, धूर काढत रेषेवर आल्या. क्रेव्हन जिंकला. पाँटिॲकचा कप मालिकेतला तो शेवटचा विजय. आणि कर्ट बुश हरूनही हसत होता. पुढे कित्येक वर्षं दोघं त्या शर्यतीबद्दल सारख्याच प्रेमाने बोलत राहिले.

कर्ट बुश तेव्हा राउशच्या संघात होता. ब्यूशरचा आजचा आरएफके संघ म्हणजे तोच, राउशचाच. इतिहासातले हे दोन निसटते शेवट, ०.००२ आणि ०.००१, आणि दोन्ही वेळा दुसरी आलेली गाडी एकाच घरची. हे लक्षात आलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

घाटकरी_खेड | ७ मे २०२४

मी मोटार शर्यती बघत नाही, पण हा धागा सोडवेना. आमच्याकडे बैलगाडा घाटात बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सेकंदावर आणि त्याच्याही खाली पॉइंटावर मोजतात. जुंपणीला महिनाभराची मेहनत, खुराक, बैलाची मालिश, आणि निशाण पडल्यावर काही सेकंदांत सगळं संपतं. दोन पॉइंटांनी बारी हुकलेला गाडामालक मी बघितलाय. तो घड्याळाला दोष देत नाही, बैलालाही देत नाही. रात्री गोठ्यात जाऊन बसतो. तुमच्या ब्यूशरचं वाचून मला तेच डोळ्यांपुढे आलं.

पिटलेन_पुणेकर | ७ मे २०२४

वळणवेडा, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. ब्यूशरकडून चूक अशी झाली नाही. व्हिडिओ बारकाईने पाहिला.

एवढ्या वेगात शेजारी-शेजारी पळणाऱ्या गाड्या एकमेकींची हवा चोरतात. तुमच्या गाडीचं नाक शेजारच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी आणलंत की हवा त्याच्या मागच्या पट्टीवर चढते आणि त्याची गाडी ओढली जाते, जणू कुणी मागून धरली आहे. याला साइड ड्राफ्ट म्हणतात. पण तोच खेळ उलटाही होतो, म्हणून दोघंही जवळ यायला बघतात आणि दोघंही दूर जायला. काल ते एकमेकांना घासले, त्यात दोघांचा वेग गेला. कुणाचा किती गेला यावर आठ सेंटीमीटर ठरले.

ब्यूशरपुढे दुसरा रस्ता होता: तिसऱ्या वळणात वर सरकून लार्सनची बाहेरची वाट बंद करायची. मग लार्सन एकतर पाय उचलेल किंवा भिंतीत जाईल. ब्यूशरने त्याला गाडीभर जागा सोडली. माझ्या मते तो सभ्यपणे चालवला आणि त्याची किंमत त्याने मोजली.

लार्सनप्रेमी_सॅन_होझे | ७ मे २०२४

पिटलेन, लार्सनच्या बाजूनेही बोलायला हवं. मागच्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, याच ट्रॅकवर, शेवटच्या फेरीत तो पुढे होता. हॅमलिनने त्याला मागून स्पर्श केला, लार्सन भिंतीत गेला आणि हॅमलिन जिंकला. आणि आत्ताच, आठवड्यापूर्वी डोव्हरलाही हॅमलिन पहिला आणि लार्सन दुसरा. त्या माणसाने काल बाहेरची वाट धरली आणि ब्यूशरला न उडवता पुढे आला. तो वाटेत आडवा पडलेला ड्रायव्हर ढकलून जिंकलेला नाही, हे लिहून ठेवा.

मी त्याचा चाहता झालो तो २०२१ मध्ये. २०२० साली ऑनलाइन शर्यतीत वंशद्वेषी शब्द वापरल्याबद्दल त्याची नोकरी गेली होती आणि ती योग्यच गेली. त्यानंतर त्याने माफी मागितली, शिकायला लागला, मातीच्या ट्रॅकवर परत गेला, आणि हेंड्रिक संघाने जागा दिल्यावर २०२१ मध्ये दहा शर्यती आणि विजेतेपद जिंकला. त्याच्या आईच्या घरचे लोक जपानी वंशाचे, दुसऱ्या महायुद्धात छावणीत डांबले गेलेले. त्याने तो शब्द वापरावा याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

वळणवेडा | ७ मे २०२४

लार्सनप्रेमी, मान्य. त्याने मैदान मारलं, त्यात कसलीही खोट नाही. मला दुःख आहे ते ब्यूशरचं.

बाबांना पिटलेन यांचं उत्तर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याने बरोबर केलं आणि हरला." आणि उठून अंगणात गेले.

नवखा_प्रेक्षक | ८ मे २०२४

दोन दिवसांत सतरा व्हिडिओ बघितले. फेब्रुवारीतलं अटलांटा बघून तर थक्क झालो. डॅनियल स्वारेझ, रायन ब्लेनी आणि काइल बुश तिघं एका ओळीत. स्वारेझ ०.००३ ने जिंकला, बुश ०.००७ ने तिसरा. स्वारेझ मेक्सिकोच्या माँटेरेचा आहे हे वाचून आणखी आनंद झाला. आपल्याकडचं कुणी गेलंय का तिथे?

मेधा_शार्लट | ८ मे २०२४

गेलंय. नारायण कार्तिकेयनने २०१० साली नॅसकारची ट्रक मालिका चालवली. पहिलीच शर्यत मार्टिन्सव्हिलला. तो जेमतेम अर्ध्या मैलाचा ट्रॅक, कागदाच्या पिनेसारखा: दोन लांब सरळ रेषा आणि दोन केसपिन वळणं. फॉर्म्युला वन चालवलेला माणूस तिथे तेरावा आला. त्या वर्षी चाहत्यांनी त्याला मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून निवडलं. मराठी नाही, कोईमतूरचा आहे, पण मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

वळणवेडा | १३ मे २०२४

काल डार्लिंग्टन होतं.

दहाएक फेऱ्या बाकी असताना ब्यूशर पुढे होता. टायलर रेडिक आतून घुसला, गाडी वर सरकली आणि ब्यूशर भिंतीला लागला. दोघांचेही टायर गेले. ब्रॅड केझलाउस्की मागून येऊन जिंकला, ११० शर्यतींनंतर त्याचा पहिला विजय. केझलाउस्की हा ब्यूशरचाच संघसहकारी आणि संघाचा भागीदार. म्हणजे संघ हसतोय आणि त्याच संघाची दुसरी गाडी भंगलेली. शर्यतीनंतर ब्यूशर थेट रेडिककडे गेला आणि त्याला सुनावलं. रेडिकने चूक कबूल केली.

ब्यूशर एरवी शांत माणूस. त्याला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सलग दोन रविवार, दोन्ही वेळा विजय हातात येऊन निसटला.

पिटलेन_पुणेकर | १३ मे २०२४

कालचा प्रकार रेडिकचाच दोष. कॅन्ससला दोष कुणाचाच नव्हता. म्हणूनच कॅन्सस जास्त लागतं.

आकडेमोड | २७ मे २०२४

लार्सनबद्दल नोंद. काल त्याने इंडियानापोलिस ५०० आणि शार्लटची ६०० मैलांची शर्यत, दोन्ही एकाच दिवशी चालवायचं ठरवलं होतं. पावसाने इंडियानापोलिस लांबलं, तिथे तो अठरावा आला. विमान, हेलिकॉप्टर करून शार्लटला पोचला तोवर तिथेही पाऊस. त्याच्या गाडीत जस्टिन आल्गायर बसला होता, आणि शर्यत तिथेच थांबवली गेली. लार्सनला एकही फेरी मिळाली नाही. इथे हुकलेले गुण पुढे मोजले जातील, लक्षात ठेवा.

वळणवेडा | २ सप्टेंबर २०२४

धागा वर आणतोय, कारण काल नियमित हंगाम संपला आणि बाबांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बाबा जुलैतच सांगलीला परतले. आज सकाळी फोन केला तर पहिलं वाक्य, "तुझा सतरा बसला का त्यात?"

नाही बसला.

नव्यांसाठी, २०२४ च्या नियमाप्रमाणे: प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या हंगामाच्या शेवटच्या शर्यतींत, सोळा ड्रायव्हर जातात. एक शर्यत जिंकली की जागा पक्की, उरलेल्या जागा गुणांवर. या वर्षी चौदा ड्रायव्हर विजयावर गेले. उरल्या दोन जागा, त्या मार्टिन ट्रूएक्स आणि टाय गिब्स यांना गुणांवर मिळाल्या. शेवटच्या शर्यतीपर्यंत ब्यूशर आत होता. काल डार्लिंग्टनला चेस ब्रिस्को जिंकला, विजयांच्या यादीत आणखी एक नाव आलं, आणि ब्यूशर बाहेर गेला.

कॅन्ससला ती आठ सेंटीमीटर इकडची तिकडे झाली असती तर तो मे महिन्यातच आत होता. लार्सन त्या विजयाशिवायही आत असता. त्याने लास व्हेगास आधीच जिंकलं होतं, पुढे सोनोमा आणि इंडियानापोलिसही जिंकलं.

पिटलेन_पुणेकर | २ सप्टेंबर २०२४

मला या नियमाचा मनापासून राग आहे. आठवड्यापूर्वी डेटोनाला हॅरिसन बर्टन जिंकला. गुणतक्त्यात तो चौतिसावा होता. वुड ब्रदर्सचा तो शंभरावा विजय, त्यांच्यासाठी मला खरंच आनंद झाला, जुना आणि सच्चा संघ आहे. पण चौतिसावा माणूस आत, आणि सगळा हंगाम पहिल्या सोळांत राहिलेला बाहेर? सव्वीस आठवड्यांच्या मेहनतीला काही वजन नको?

मेधा_शार्लट | २ सप्टेंबर २०२४

राग समजतो, पण मी असहमत. या नियमामुळेच बर्टनसारख्या संघाला ऑगस्टपर्यंत जीव तोडून पळायचं कारण राहतं. आणि नियमालाही सीमा आहे: ऑगस्टमध्ये रिचमंडला ऑस्टिन डिलनने शेवटच्या वळणात लोगानोला आणि मग हॅमलिनला उडवून विजय घेतला, तेव्हा नॅसकारने विजय ठेवला पण प्लेऑफची जागा काढून घेतली. म्हणजे कसं जिंकलात याला अजून अर्थ आहे.

ब्यूशरकडे दुसऱ्या वाटेने जायला सव्वीस शर्यती होत्या. एका शर्यतीवर सगळं टाकणं मला पटत नाही.

पिटलेन_पुणेकर | २ सप्टेंबर २०२४

मेधाताई, एक नाही, दोन. कॅन्सस आणि पुढच्या रविवारचं डार्लिंग्टन. दोन्ही वेळा तो शेवटाजवळ पुढे होता. आणखी किती वेळा पुढे असायला हवं होतं?

मेधा_शार्लट | २ सप्टेंबर २०२४

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचा मुद्दा बरोबर आहे.

आकडेमोड | ३ सप्टेंबर २०२४

मे महिन्यात म्हटलं होतं गुण मोजू. यंदा (२०२४ मध्ये) शर्यतीत पहिल्याला ४० गुण, दुसऱ्याला ३५. म्हणजे कॅन्ससच्या त्या सहस्रांशाने लार्सनला पाच गुण जास्त दिले. आणि नियमित हंगामाचं अव्वल स्थान टायलर रेडिकने लार्सनपेक्षा एका गुणाने जिंकलं. एका! शार्लटची शर्यत चालवायला मिळाली असती तर लार्सन सहज पुढे असता. कॅन्सस हरला असता तर सहा गुणांनी मागे राहिला असता, जागा तीच, दुसरी.

म्हणजे तक्त्यात लार्सनसाठी त्या आठ सेंटीमीटरने जागा बदलली नाही. त्याच्या नावावर एक विजय आणि त्यासोबतचे पाच प्लेऑफ गुण आले. ब्यूशरसाठी मात्र तोच फरक आत आणि बाहेर यांच्यातला ठरला. एवढा छोटा अवधी दोन माणसांना इतका वेगवेगळा पडलेला मी कुठल्याच खेळात पाहिलेला नाही.

लार्सनप्रेमी_सॅन_होझे | ३ सप्टेंबर २०२४

आकडेमोड, हे वाचून लार्सनचा चाहता असूनही मला ब्यूशरसाठी वाईट वाटलं. खरं सांगतो.

वळणवेडा | १६ सप्टेंबर २०२४

काल वॉटकिन्स ग्लेन होतं. लंबगोल नाही, डावी-उजवी वळणं असलेला रस्त्याचा ट्रॅक. प्लेऑफची दुसरी शर्यत. जे बाहेर राहिले तेही त्यात धावतात, फक्त त्यांना विजेतेपदासाठी काही मिळत नाही.

शर्यत पुन्हा जादा फेऱ्यांत गेली. शेन व्हॅन गिसबर्गन पुढे होता. न्यूझीलंडचा, अशा ट्रॅकवर आजचा बहुधा सर्वांत चांगला ड्रायव्हर. त्याच्या मागे १७ नंबरची गाडी. शेवटच्या फेरीत व्हॅन गिसबर्गनची गाडी किंचित पसरली, ब्यूशरने नाक आत घातलं, दोघं घासले, आणि या वेळी ब्यूशर पुढे निघाला. रेषेवर मोजायला कॅमेऱ्याची गरज पडली नाही.

मी आणि लेक दिवाणखान्यात उभे राहून ओरडलो. मग फोन घेतला. सांगलीत पहाट होती, तरी बाबांनी पहिल्या घंटीला उचलला.

"जिंकला," मी म्हणालो.

"कितीने?"

"बाबा, मोकळा. सरळ मोकळा जिंकला."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग आईला हाक मारलेली ऐकू आली, "अगं, सतरा जिंकली!"

घाटकरी_खेड | १६ सप्टेंबर २०२४

वळणवेडा, बाबांना माझाही नमस्कार सांगा. काल रात्री मी पण जागून बघितली, पहिल्यांदाच.